फळ्यांपलीकडचा वर्ग

१

आमच्या पेटेतल्या शाळेत एकच मास्तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं शिकवायचे. हायस्कूलात घंटा झाली की माणूस बदलायचा. सुरुवातीला मला तेच कळेना. गणिताच्या मिस निघून जायच्या, मी गणिताचं पुस्तक उघडं ठेवून बसलेली असायची, आणि समोर भूगोल सुरू झालेला असायचा.

१९५७ सालचा जून होता. मी, पुष्पावती, आणि मागच्या गल्लीतली कावेरी, दोघी एकदमच फोर्थ फॉर्मला गेलो. हायस्कूलचा तो पहिला वर्ग. आमची घरं बळेपेटेत; पेट म्हणजे पेठ. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिक्कपेटेत कापडाचं दुकान. दोघींच्या घरी मराठी, पण उंबऱ्याच्या आत तेवढंच. रस्त्यावर कन्नड, आणि आता हायस्कूलात इंग्रजी. मिस काही बोलल्या की मी आधी कावेरीकडे बघायची. ती उठली की मी उठायची, ती हसली की मी हसायची.

शाळा मुलींची होती, किल्ल्याच्या बाजूला. एका सावकाराचा जुना बंगला शाळेसाठी घेतलेला. त्यातल्या लांबलचक दिवाणखान्याचे फळ्या ठोकून दोन भाग केले होते आणि आमचा वर्ग एका भागात भरायचा. आम्ही उशिरा नाव घातलं म्हणून आम्हाला शेवटचा बाक मिळाला. तो त्या फळ्यांना अगदी खेटून होता. मी भिंतीकडच्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी कावेरी, पुढच्या बाकावर पद्मावती नावाची एक बडबडी मुलगी.

एकदा गणिताचा तास चालू असताना फळ्यांच्या पलीकडून तुंगाबाई मिसचा आवाज आला. तुंगाबाई मिस आमच्या वर्गाच्या मिस. इंग्रजी आणि भूगोल त्याच शिकवायच्या. प्रत्येक वाक्याआधी त्या बारीकसं खोकायच्या, त्यामुळं ओळखायला कठीण नव्हतं. त्या डिक्टेशन घालत होत्या. एका कुंभाराच्या बायकोचा दिवा हरवतो, असं काहीतरी. लॅम्प, नेबर, सर्च. मला गणितापेक्षा ते ऐकायला सोपं वाटलं, म्हणून मी ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मिसनी आम्हाला तेच डिक्टेशन घातलं. कुंभाराची बायको, दिवा, शेजारीण, सगळं तसंच. माझी एकही चूक झाली नाही. मिसनी वहीवर 'गुड' लिहिलं आणि माझ्याकडे जरा नवलानं बघितलं.

२

"बी सेक्शन आपल्या एक दिवस पुढं हाय," मी मधल्या सुट्टीत कावेरीला म्हटलं. "फळीला कान लावला की उद्याचं सगळं कळतंय बघ."

कावेरी डब्यातली अवलक्की, म्हणजे पोहे, खात होती. "बी सेक्शन? ते तिकडं विहिरीपलीकडं हाय की गे. माझी मामेबहीण बसते तिथं."

"मग आपल्या मागं कोण बसतंय?"

आम्ही बघायला गेलो. बंगल्याला वळसा घातला की पलीकडच्या भागाचं दार लागायचं. दाराला कुलूप होतं, आणि ते नुसतं अडकवलेलं नव्हतं, चांगलं लागलेलं होतं. पाण्याच्या माठांपाशी शाळेची आया सकवारबाई बसली होती. ती आमच्याशी मराठीत बोलायची, म्हणून आमची तिच्याशी गट्टी.

"मोडकं सामान हाय आत," ती म्हणाली. "काय बघायचं त्यात?"

कावेरीनं हट्टच धरला. शेवटी सकवारबाई कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढत उठली. दार उघडलं. आत एकावर एक रचलेले मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, ड्रिलचे लाकडी डंबेल्स. वरच्या झरोक्यात पारवे. जमिनीवर पिठासारखी धूळ होती. आम्ही फळ्यांपर्यंत चालत गेलो आणि परत फिरलो तेव्हा त्या धुळीत फक्त आमची पावलं उमटलेली होती.

"झालं समाधान?" सकवारबाईनं विचारलं आणि कुलूप लावलं.

परत येताना मी मनाशी हिशेब जुळवला. झरोके उघडे आहेत. बी सेक्शनचा आवाज विहिरीवरून येत असणार, रिकाम्या खोलीत घुमत असणार. मोकळ्या जागेत आवाज कुठून कुठं जातो याला काही नेम नसतो. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हटलं तरी चालेल.

३

दोन-चार दिवसांनी तुंगाबाई मिस आमच्यासमोर खुर्चीत बसून वह्या तपासत होत्या. वर्ग शांत होता. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, कारण पानं जोडताना त्या टाचण्या तोंडात धरायच्या.

आणि फळ्यांमागून खोकला आला. मग त्यांचाच आवाज, इंग्रजीत: कावेरी कुठून येते?

मी मिसच्या तोंडाकडे बघितलं. टाचण्या जागच्या जागी होत्या.

पलीकडं कुणीतरी मुलगी उठल्याचा आवाज आला, आणि ती चिरक्या, घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "बळेपेट, मिस." पलीकडचा सगळा वर्ग खो-खो हसला. नदीबद्दल विचारलं होतं हे मला हसण्यावरून कळलं, आणि मीही हसले. कोण बावळट ही, असं वाटलं.

कावेरी हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं.

"तू होतीस ती," ती कुजबुजली.

"सुम्मने, उगीच काय तरी बोलू नको. मी ही इथं बसलेय. आणि माझा आवाज असला हाय काय?"

"असलाच हाय. तुला कसा कळणार? तुझा तू कधी बाहेरून ऐकलायस?"

मी त्या रात्री ठरवून टाकलं की उद्या मला काही विचारलंच तर बळेपेट सोडून जगातलं काहीही सांगायचं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मिसनी नकाशा टांगला, खोकल्या आणि माझ्याकडे बोट केलं. मी उठले. माझ्या डोक्यात एकच शब्द होता, जो म्हणायचा नव्हता तो. दुसरा एकही येईना. सगळ्या मुली माना वळवून बघत होत्या. पद्मावती तोंडावर हात ठेवून आधीच हसायला लागली होती.

"बळेपेट, मिस," मी म्हटलं.

४

त्यानंतर आम्ही दोघी रोज ऐकायला लागलो. कधी नुसती कुजबुज यायची, कधी बाक ओढल्याचा आवाज, कधी दिवसभर काहीच नाही. पद्मावतीला मी एकदा माझ्या जागेवर बसवून विचारलं. तिला पारव्यांशिवाय काही ऐकू आलं नाही.

कावेरी माझ्यापेक्षा धीट. तिला हे खोटं पाडायचं होतं. एका दुपारी पलीकडून गणिताच्या मिस मोठ्यानं ओरडल्या, "कावेरी, गेट आउट! ॲट वन्स!" तेव्हा ती घाबरण्याऐवजी म्हणाली, "बघूच." घरी जाऊन तिनं सगळी गणितं सोडवली, परत तपासली, तिच्या अण्णांना दाखवली. दुसऱ्या दिवशी वही स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. तास अर्धा झाला आणि तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. वहीवर, परकरावर, सगळीकडे रक्त. गणिताच्या मिस धावत आल्या, आपला रुमाल तिच्या नाकाला लावला आणि ओरडल्या, "कावेरी, गेट आउट! ॲट वन्स! विहिरीवर न्या तिला कुणीतरी!"

विहिरीच्या काठावर डोकं मागं टाकून बसलेली कावेरी चक्क हसत होती.

"कळलं काय तुला? शब्द तेवढे खरे. बाकीचं आपणच भलतं समजतो." तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. "आता मला भीती नाही."

मलाही थोडं बरं वाटलं. का ते आज सांगता येणार नाही.

५

ऑगस्ट लागला होता. इतिहासाचा तास. पलीकडं एकदम सगळे बाक सरकले. सगळा वर्ग उभा राहिला असावा तसा आवाज. आम्हाला वाटलं कुणी मोठं माणूस वर्गात आलं असेल. पण 'गुड मॉर्निंग' झालं नाही. काहीच झालं नाही. एवढ्या मुली उभ्या, आणि श्वासाचासुद्धा आवाज नाही.

आम्हाला ती शांतता ओळखीची होती. मागच्याच महिन्यात शाळेचे जुने कारकून वारले तेव्हा आम्ही सगळ्या अशाच उभ्या राहिलो होतो.

मग त्या शांततेत कुणीतरी हुंदका दिला. दाबायचा प्रयत्न केलेला, तरी फुटलेला. आणि थोड्या वेळानं हेडमिस्ट्रेसचा आवाज: "सिट डाउन."

घरी जाताना कावेरी पुढं पुढं चालत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"तो हुंदका तुझा होता, पुष्पा."

मी दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"म्हणजे तू उद्या हायस," ती म्हणाली. "रडलीस, म्हणजे हायस. मला सांग, माझा आवाज आला काय कुठं? सबंध तासात?"

मी आठवून बघितलं. तिचा आवाज मला कुठंही ओळखता आला असता. तो आलेला नव्हता.

"कुणी मंत्री गेला असेल," मी म्हटलं. "तूच म्हणालीस की, आपण भलतं समजतो."

"मंत्र्यासाठी तू रडशील काय गे?"

शेवटी आम्ही ठरवलं की उद्या दोघींनी शाळेला जायचंच नाही. मी तिथं नसले तर रडणार कोण? आणि माझं रडणं खोटं ठरलं की सगळंच खोटं ठरेल.

६

सकाळी मी पोट धरून अंथरुणात पडले. अण्णा दुकानात निघता निघता डोकावले.

"कावेरीच्या पण पोटात दुखतंय म्हणे," ते म्हणाले. "दोघींच्या पोटात एकदम कसं दुखायला लागतं? ऊठ." आणि त्यांनी स्वतः मला शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन सोडलं.

मी बाकावर एकटी बसले. इतिहासाचा तास लागला. हेडमिस्ट्रेस दारात दिसल्या तेव्हाच मी बाकाची कड घट्ट धरली. त्यांनी हातातली वही छातीशी धरली होती. त्या म्हणाल्या की ज्या सावकारांचा हा बंगला, त्यांच्या थोरल्या पत्नी म्हैसूरला आज पहाटे वारल्या. वय झालं होतं.

सगळ्या उभ्या राहिल्या. मीही राहिले. कुणीतरी म्हातारी बाई, जिला मी कधी बघितलं नव्हतं. कावेरी नाही. कावेरी घरी आहे. मला एकदम इतकं सुटल्यासारखं झालं की रडूच फुटलं. मी तोंडावर हात दाबला, तरी हुंदका बाहेर आलाच. पद्मावतीनं वळून बघितलं. शब्द खरे, बाकीचं आपण भलतं समजतो, हे कावेरीला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

"सिट डाउन," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या.

आम्ही बसलो. आणि आम्ही बसत असतानाच पलीकडं बाक सरकले, आणि पलीकडचा वर्ग उभा राहिला.

७

शाळा लगेच सोडली. मी धावतच कावेरीच्या घरी गेले. तिची आई अनुसूयामावशी ओसरीवर शेंगा सोलत होती. माझ्या मागं रस्त्यावर बघत तिनं विचारलं, "ती कुठं?"

"कावेरी? घरात नाही?"

"अगे, ती तर तुझ्या पाठोपाठ गेली. तुझे अण्णा तुला घेऊन चाललेले बघितले तिनं खिडकीतून. म्हणाली, पुष्पा एकटी कशी बसेल, मी जाते. नाही आली वर्गात?"

आम्ही दोघी तशाच शाळेकडे निघालो. मावशीच्या हातात शेंगांची सालं तशीच होती. शाळेत सकवारबाई वर्ग झाडत होती. कावेरी फाटकातून आत येताना तिनं बघितली होती. बाहेर जाताना बघितली नव्हती. मावशी विहिरीकडे धावली. मी आमच्या वर्गात गेले, माझ्या कोपऱ्यात, आणि फळीला कान लावला.

कुणीतरी अगदी जवळ, फळीच्या लगेच पलीकडं, दात वाजवत बसलं होतं.

"कावेरी?"

"किती हाका मारल्या गे तुला," ती म्हणाली.

सकवारबाईनं कुलूप काढलं. ते लागलेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आत मोडक्या बाकांच्या मधे कावेरी जमिनीवर बसली होती. दारापासून तिच्यापर्यंत धूळ सपाट होती. मी खाली वाकून बघितलं. जून महिन्यातली आमची जुनी पावलं धुळीनं भरून आली होती. नवीन एकही नव्हतं.

"आत कशी आलीस?"

"आत म्हणजे? वर्गात आले. आपल्या बाकावर बसले." ती मला चाचपत होती, आधी हात, मग खांदा, मग तोंड. "सगळ्या उभ्या होत्या. हेडमिस्ट्रेस नाव सांगत होत्या. तू माझ्या शेजारी रडत होतीस. मी तुझा हात धरला तर तू बघितलंच नाहीस."

"कुणाचं नाव? म्हैसूरची म्हातारी गेली, तिचं?"

कावेरीनं हात मागं घेतला. अनुसूयामावशी आत आली, तिला उराशी धरून रडायला लागली, तरी ती माझ्याकडेच बघत होती. मग तिनं दारात उभ्या असलेल्या सकवारबाईला विचारलं, "आया, ही तुम्हाला दिसते ना?"

"कोण, पुष्पा? दिसते की," सकवारबाई म्हणाली.

पण म्हणायच्या आधी तिची नजर सगळ्या खोलीतून फिरून आली. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येतेच. तसंच असणार.

कावेरीनं ते नाव मला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढं आम्ही दोघी लग्न होऊन वेगवेगळ्या गावी गेलो तोवर कधीच नाही.

८

दुसऱ्या दिवशी कावेरीला सडकून ताप भरला. मला शाळेला पाठवायचं नाव घरात कुणी काढलं नाही. पलीकडचा वर्ग काल उभा राहिला होता, म्हणजे आज आमचा राहणार. राहू दे. मी तिथं नव्हते.

दिवसभर मी आईला सोडलं नाही. ती तांदूळ निवडायला बसली तर मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. ती चुलीशी गेली तर मी चुलीशी. "काय पायात पायात करतेस? सरक स्वल्प. सूप घेऊ दे," ती रागवत होती. तिनं मला सरकायला सांगितलं की मला बरं वाटायचं. इतिहासाचा तास असेल त्या सुमाराला मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. मी जागी होते. तिचा हात मला लागत होता. ह्यात काही शंका नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी मी शाळेत गेले. बाकावर एकटीच. पलीकडं अगदी शांत होतं, नुसते पारवे. मी पुढं वाकून पद्मावतीला विचारलं, "काल कुणी आलं होतं काय गे वर्गात? उभं केलं काय तुम्हाला?"

"हेडमिस्ट्रेस आल्या की. परत उभं केलं. दोन दिवस लागोपाठ, पाय दुखले माझे."

"कुणासाठी?"

मी तिची थट्टा करत असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं.

"मला काय विचारतेस? तू मागंच होतीस की माझ्या. तुझ्यामुळंच तर नाव ऐकू आलं नाही. त्या सांगायला लागल्या आणि तू रडायला लागलीस, मी हाय, मिस, मी इथं हाय, मी हाय, म्हणून."